डेड स्टॉकमधला पाय

मी नोकरीला लागले तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दडी मारली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आमची शाळा होती गावाच्या कडेला आणि तिच्या समोरच नव्या जिल्ह्याच्या कचेरीचं बांधकाम चाललेलं, त्यामुळं मला त्या दोन्ही रोज एकदमच दिसायच्या. सकाळी पहिला टँकर यायचा तो इमारतीसाठी. ओल्या सिमेंटला पाणी कमी पडलं तर भेगा जातात म्हणे. म्हणून इमारत दिवसातून दोनदा पोटभर पाणी प्यायची, आणि तिचं पाणी कुणी चोरू नये म्हणून एक पोलीस काठी घेऊन उभा असायचा. दुसरा टँकर माणसांचा. तो कधी यायचा, कधी यायचा नाही. आला की माझ्या वर्गातली निम्मी पोरं घागरी धरायला पळायची, आणि मी उरलेल्यांना शुद्धलेखन घालायची.

मी मूळची उदगीरची. वडिलांचं भुसार मालाचं दुकान. घरात आम्ही मराठी बोलायचो आणि कुणी रागावलं की कन्नड. हे सांगायचं कारण असं, की त्या घरातल्या कन्नडमुळंच मी या सगळ्यात सापडले.

एक दिवस मधल्या सुट्टीत एक बाई सरळ माझ्या वर्गात आली. अंगावर खडीची पांढरी धूळ, पाठीवर सात-आठ वर्षांची मुलगी. तिनं मुलीला माझ्या टेबलावर ठेवलं, कंबरेच्या पिशवीतून घडी घालून घालून मऊ पडलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर धरून म्हणाली, "कालु."

मी म्हटलं, "काय?"

"कालु," ती परत म्हणाली आणि मुलीच्या डाव्या पायावर हात ठेवला. पाय बारीक होता, काडीसारखा. पोलिओचा.

कन्नडमध्ये पायाला कालुच म्हणतात. ती बाई मात्र कन्नड बोलत नव्हती. तिची भाषा तिसरीच होती, आणि परक्या माणसाशी ती तेलुगू आणि मोडकी मराठी मिसळून बोलायची. पण तो एक शब्द आमच्या दोघींचा निघाला, आणि मला समजतंय असं पाहून ती टेबलाशेजारी खाली बसली ती मधली सुट्टी संपली तरी उठली नाही.

हळूहळू कळलं ते असं. ही माणसं कोलाम आदिवासी, किनवट तालुक्यातली, इस्लापूरच्या पलीकडच्या डोंगरातली. दीड वर्षापूर्वी इस्लापूरला तपासणीचं शिबिर भरलं होतं. तिथं डॉक्टरांनी मुलीचा पाय मोजला, ही चिठ्ठी दिली आणि सांगितलं की लोखंडाचा पाय बनून येईल. चिठ्ठीवर लिहिलं होतं: डावा पाय, लांबी बावीस इंच, कॅलिपर तीन आठवड्यांनी नांदेडहून न्यावे. बाईचा नवरा दोनदा नांदेडला जाऊन आला. दोन्ही वेळा 'अजून आला नाही' हे ऐकून. मग दुष्काळ पडला. मुकादम ट्रक घेऊन आला आणि डोंगरातली बारा-पंधरा माणसं लातूरला खडी फोडायला घेऊन आला. समोरच्या कचेरीची खडी.

"पाय कधी येते?" बाईनं मला विचारलं. जणू मागवलेला पाय माझ्याच कपाटात येऊन पडलाय आणि मी द्यायचं विसरलेय.

मुलगी या सगळ्या वेळात माझ्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरवत होती. थांबला की परत फिरवायची.

मी तिला शाळेत घालायचं ठरवलं आणि मोठ्या गुरुजींकडे गेले. आमचे मोठे गुरुजी औशाकडचे. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला फार भ्यायचा. त्यालाही कारण होतं. जिल्हा वेगळा करताना शिक्षकांची कागदपत्रं जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं आली, त्यात गुरुजींचं सेवापुस्तक आलंच नाही. जुना जिल्हा म्हणायचा पाठवलं, नवा म्हणायचा मिळालं नाही. सत्तावीस वर्षं नोकरी केलेला माणूस, पण आपण नेमके कोणत्या जिल्ह्यात आहोत हे त्याला सांगता येत नव्हतं.

"बाई, आपल्या जिल्ह्यात कोलाम न्हाईत," गुरुजी म्हणाले.

"ही समोर बसलीय, गुरुजी."

"बसली आसंल. पण जिल्ह्यात न्हाई. गेल्याच महिन्यात तक्ता भरून दिलाय मी. आदिवासी विद्यार्थी, निरंक. आता एक दाखवला तर वरून विचारतील, गेल्या महिन्यात कुठं व्हता?"

"नांदेडला होता म्हणून सांगा."

"तुमी हे लफडं कशाला करायलात, बाई?"

मुलगी तेवढ्यात भिंतीला धरून, एका पायावर उड्या मारत गुरुजींच्या टेबलापर्यंत आली आणि त्यांच्या शाईच्या दौतीचं झाकण काढून वास घेऊ लागली. गुरुजींनी दौत तिच्या हातातून अलगद काढून घेतली, झाकण लावलं आणि तिच्याकडे बघितलं. मग रजिस्टर उघडलं. "एक तारखेपासून दाखवतो," ते म्हणाले. "म्हंजे गेला महिना खोटा पडत न्हाई."

मी नांदेडला पत्र लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं: अर्जदार सध्या लातूर जिल्ह्यात राहत असल्यानं त्या जिल्ह्याशी संपर्क साधावा.

मी लातूरच्या ऑफिसात गेले. नव्या जिल्ह्याला जागा कुठून असणार? निम्मी ऑफिसं भाड्याच्या जागेत होती, आणि मला हवं होतं ते एका मंगल कार्यालयात. खोल्यांच्या दारांवरच्या पाट्या मालकानं काढू दिल्या नव्हत्या. अपंगांचे अर्ज 'वरपक्ष' लिहिलेल्या खोलीत घेत होते. शिक्के 'वधूपक्ष' मध्ये. हेलपाटे मारून मारून माणसं सहज बोलायची, "आज वधूपक्षाकडून काय झालं न्हाई, उद्या बोलावलंय."

वरपक्षातल्या बाबूंनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाले, "याची फाइल जुन्या जिल्ह्याकडून यायला पाहिजे."

"पण ही मुलगी नांदेड जिल्ह्यातली आहे. जुन्या जिल्ह्याचा काय संबंध?"

"आमच्याकडं सगळ्या फाइली जुन्या जिल्ह्याकडूनच येतात, बाई. नांदेडहून फाइल यायचा रस्ताच न्हाई."

"रोज एस.टी. आहे."

"फाइलीला न्हाई."

त्यांनी जुन्या जिल्ह्याला पत्र लिहिलं. मीच ते टपालात टाकलं, कारण शिपाई पाण्याच्या रांगेत होता. उत्तर लवकर आलं, तीन आठवड्यांत. त्याची नक्कल मी बरेच दिवस जपून ठेवली होती. 'या कार्यालयातील अभिलेखांची तपासणी केली असता सदर पाय आढळून आला नाही.'

मग बाबूंनी मला समजावून सांगितलं. लातूरला नांदेडकडून पाय मागता येईल, पण त्यासाठी मुलगी लातूरची पाहिजे. मुलगी लातूरची होईल, पण त्यासाठी तिचं नाव नांदेडच्या यादीतून कमी झालं पाहिजे. आणि नांदेड नाव कमी करेल, पण साहित्य दिल्याशिवाय यादीतलं नाव कमी करता येत नाही.

"म्हणजे आधी पाय घ्यायचा, मग पाय मागायचा," मी म्हटलं.

"बराबर," ते म्हणाले. मला समजलं याचा त्यांना खराच आनंद झाला.

घरी येऊन मी रडले. चोवीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की मी चांगलं मराठी पत्र लिहिते. तेव्हा माझ्याजवळ राहायला आलेल्या आईनं फोडणी देता देता विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण तो पाय कुठं तरी असेलच की. लोखंडाचा आहे, वितळला तर नसेल." आई चौथी शिकलेली. इतक्या महिन्यांत हे वाक्य मला कुणी बोललं नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा बुडवून मी, ती बाई आणि मुलगी अहमदपूरमार्गे नांदेडच्या एस.टी.त बसलो. मुलगी खिडकीत बसली. दोन्ही बाजूंनी नुसती काळी उघडी जमीन, मध्येच एखादी टँकरची रांग. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं. तिची आई म्हणाली, "लहान हाय." कंडक्टरनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लहान कुठंय? चांगली वाढलीय की." आईला ते ऐकून बरं वाटलं. मलाही वाटलं. पुढं काय होणार आहे हे दोघींनाही माहीत नव्हतं.

नांदेडच्या ऑफिसात एक मध्यमवयाचे कारकून होते, देगलूरकडचे. मुलीच्या आईनं तोंड उघडलं आणि ते खुर्चीत सरसावून बसले. देगलूरला तेलुगू येतंच सगळ्यांना. दोघं दहा मिनिटं भराभर बोलले. मी मध्ये उभी. तिचा आवाज एवढा मोठा आहे, तिला हसता येतं आणि भांडताही येतं, हे मला त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे ती पाच शब्दांत सगळा संसार उरकायची.

कारकून उठले. मागच्या खोलीत गेले. आम्हीही मागून गेलो. तिथं भिंतीवर ओळीनं खिळे होते आणि खिळ्यांवर पाय टांगलेले. लहान, मोठे, डावे, उजवे. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली बूट. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. त्यांनी एकेक चिठ्ठी वाचली आणि खिडकीजवळच्या खिळ्यावरून एक पाय काढला.

तो आला होता. कारकुनांनी चिठ्ठीवरची तारीख पाहिली. सव्वा वर्षापूर्वीच आला होता. मुलीचा बाप दुसऱ्यांदा येऊन गेला त्याच आठवड्यात.

मुलीच्या आईनं तो हातात घेतला, बुटावरची धूळ पदरानं पुसली आणि मुलीला जमिनीवर बसवून पट्टे बांधायला लागली. आणि थांबली. परत बांधायला लागली. पुन्हा थांबली. बूट टाचेपर्यंत पोचत नव्हता. दोन बोटं कमी.

कारकून खाली वाकले, पाहिलं आणि हळूच म्हणाले, "कालु पेरिगिंदि." पाय वाढला.

ते टेबलाशी गेले, चष्मा लावला आणि फाइलीत लिहायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'दरम्यानच्या काळात अर्जदार वाढल्याने साहित्य अर्जदाराचे नाही.'

"असं काय लिहिताय, भाऊसाहेब?" मी म्हटलं. "तिचंच आहे ते."

"बावीस इंच पायाच्या मुलीचं आहे हे, बाई. ही बावीसची न्हाई."

"आठ वर्षांची मुलगी आहे. वाढणारच."

"वाढावी की. मी कुठं नको म्हणतोय? पण मंजूर मापाच्या बाहेर वाढली तर नवा अर्ज. नवं शिबिर. आणि शिबिर दुष्काळामुळं तहकूब आहे."

"आणि ते भरेपर्यंत आणखी वाढली तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेच तर," ते म्हणाले. "हे जे भिंतीवर टांगलेत ना बाई, हे सगळे असेच आहेत. पोरं थांबत न्हाईत."

मुलीची आई आम्हा दोघांकडे बघत होती. तिला मराठी फारसं कळलं नाही, पण पेन खाली ठेवलेलं कळलं. ती तेलुगूत काहीतरी म्हणाली. कारकून हसले, मग हसू गिळून टाकलं.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, लहान असला तरी द्या. लोखंड आहे. लोखंड लांब करता येतं, पोरगी आखूड करता येत न्हाई."

त्यांनी आम्हाला चहा पाजला. मुलीला केळं आणून दिलं. स्वतः मात्र चहा तसाच ठेवून भिंतीवरच्या पायांकडे बघत बसले. मग अचानक मला विचारलं, "बाई, तुमच्या शाळेत पृथ्वीचा गोल आहे?"

"आहे."

"नकाशे? हाडांचा सापळा वगैरे?"

"सापळा नाही. गोल आहे, एक तराजू आहे, आणि जुन्या जिल्ह्याचा नकाशा आहे."

"मग झालं," ते म्हणाले. "पडून असलेलं साहित्य शैक्षणिक नमुना म्हणून शाळेला देता येतं. मुलीला देता येत न्हाई. शाळेला येतं. अर्ज लिहा. मुलांना मानवी पायाची रचना समजावून सांगण्यासाठी."

मी अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्र ते. संध्याकाळी आम्ही तिघी परत निघालो तेव्हा मांडीवर शैक्षणिक नमुना होता.

लातूरला बसस्टँडच्या मागं घिसाड्यांची पालं होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिथं गेलो. घिसाड्यानं कागद बघितला नाही, काही विचारलं नाही. एक सुतळी घेतली, मुलीच्या मांडीपासून टाचेपर्यंत धरली, गाठ मारली. बायको घण मारायला उभी राहिली, म्हातारा बाप भाता ओढत होता. पट्ट्या कापून त्यांनी मध्ये नवं लोखंड जोडलं आणि त्यात वरपासून खालपर्यंत भोकं पाडली.

"इतकी भोकं कशाला?" मी विचारलं.

"पोरगी हाय ना," तो म्हणाला. "वाढंल तशी खिट्टी फुडच्या भोकात घाला."

बस, एवढंच. हे काम त्यानं भाकरी खायच्या आधी उरकलं.

मुलगी उभी राहिली. पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदा घिसाड्याच्या बायकोचा हात धरून उभी राहिली आणि खाली बघायला लागली. मला वाटलं पाय बघतेय. नंतर लक्षात आलं, ती जमिनीपासून स्वतःचं अंतर बघत होती. दोन्ही पायांवर उभं राहून तिनं कधी जमीन पाहिली नव्हती.

सोमवारी गुरुजींनी पाय डेड स्टॉक रजिस्टरवर चढवला. शाळेच्या मालकीच्या टिकाऊ वस्तू त्यात लिहितात. गोल, नग एक. तराजू, नग एक. नकाशा, नग एक. कॅलिपर डावे, लांबी बावीस इंच, नग एक. लांबी नांदेडच्या कागदावर बावीस होती म्हणून बावीसच लिहिली. मग पेन टोपणात घालता घालता गुरुजींचा चेहरा पडला.

"बाई, हे शाळेच्या बाहेर नेता यायचं न्हाई."

"म्हणजे?"

"शाळेची वस्तू हाय. पाच वाजता कपाटात पाहिजे."

आणि तसंच सुरू झालं. सकाळी आई मुलीला पाठीवरून दारापर्यंत आणायची. मी कपाट उघडायची, पाय काढायची, बांधायची. मग मुलगी दिवसभर चालायची. मी फळ्यावर लिहीत असले तरी चालायची, प्रार्थनेला सगळे उभे असताना चालायची, तीन वर्गांतून चक्कर मारून यायची. पाच वाजता घंटा व्हायची आणि ती पाय काढून गुरुजींकडे द्यायची. आई तिला उचलून न्यायची. अकरा ते पाच ही मुलगी चालत होती आणि पाच ते अकरा नव्हती. रविवारी पूर्ण सुट्टी.

नवव्या की दहाव्या दिवशी तिनं पाय काढला नाही. घंटा झाली, मुलं गेली, ती व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी. मी समजावलं. आईनं समजावलं, मग ओरडली. मुलीनं खांब सोडला नाही. गुरुजी कुलूप हातात घेऊन तिच्या शेजारी उभे राहिले. शाळेची वस्तू शाळेत होती, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती, पण वस्तू कपाटात नव्हती, म्हणून त्यांना घरी जाता येत नव्हतं. सहा वाजले. सव्वासहा झाले. समोरच्या इमारतीचा संध्याकाळचा टँकर येऊन गेला. मग मुलगी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली, एकेक पायरी, पटांगण ओलांडून फाटकापाशी गेली आणि गुरुजींकडे वळून बघायला लागली.

गुरुजी म्हणाले, "बाई, दुसरीला कोणते विषय हायत?"

"मराठी, गणित, परिसर अभ्यास."

"परिसर अभ्यासाला पोरं बाहेर नेता येतात न्हाई का?"

"येतात."

"सामानासकट?"

"सामानासकट."

त्यांनी तिथंच फाटकाच्या खांबावर वही ठेवून लिहिलं: परिसर अभ्यासासाठी साहित्य शाळेबाहेर नेण्यास परवानगी. सही, तारीख. मुलीनं वही बघितली, मग फाटकाबाहेर पाऊल टाकलं. आई मागं मोकळ्या हातांनी. तिला हातांचं काय करावं ते कळेना, शेवटी तिनं ते पदरात गुंडाळले.

त्यानंतर रोज पाच वाजता गुरुजी ती परवानगी लिहायचे. शनिवारी दोन दिवसांची एकदम. लिहिताना कपाळाला आठ्या घालायचे, पण एकही दिवस चुकवला नाही. एकदा ताप आला होता तर घरून पोराकडून चिठ्ठी पाठवली.

पुढं तपासणी लागली. अधिकारी आले, दप्तर पाहिलं आणि डेड स्टॉक पडताळायला घेतला. गोल आणा. आणला. तराजू आणा. आणला. नकाशा पाहून ते म्हणाले, "हा जिल्हा आता न्हाई," पण खूण केली. मग म्हणाले, "कॅलिपर आणा."

मी दुसरीच्या वर्गाकडे बघून हाक मारली. कॅलिपर स्वतः चालत आलं.

अधिकारी मुलीकडे बघत राहिले. मुलीलाही काही समजत नव्हतं, पण मोठं माणूस आलं की नमस्कार करायचा हे आम्ही शिकवलं होतं. तिनं केला.

"हे वापरात आहे?" त्यांनी गुरुजींना विचारलं.

"जी, साहेब."

त्यांनी पट्टी मागवली. मुलीला बाकावर बसवून पाय मोजला. परत मोजला. "रजिस्टरला बावीस हाय. इथं साडेतेवीस भरतंय."

गुरुजी पांढरे पडले. शाळेतल्या वस्तू कमी भरल्या तर काय करायचं याचे नियम आहेत. जास्त भरल्या तर काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. अधिकाऱ्यांनी परवानगीची वही चाळली. पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"ही मुलगी रोज परिसर अभ्यास करते?"

"जी."

"म्हणजे नेमकं काय करते?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "चालते, साहेब."

अधिकाऱ्यांनी पेन काढलं. त्यांनी शेऱ्यात लिहिलं: 'साहित्यात दीड इंच वाढ आढळली. खुलासा करावा.' गुरुजींनी तीन दिवस खुलासा लिहिला आणि फाडला. चौथ्या दिवशी एक ओळ पाठवली: साहित्य सतत वापरात असल्यानं वाढलं. महिन्याभरानं उत्तर आलं. खुलासा मान्य.

त्या दिवशी गुरुजींनी सगळ्या शाळेला गूळ-शेंगदाणे वाटले. त्यांचं स्वतःचं सेवापुस्तक तेव्हाही सापडलेलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कचेरीचं दगडाचं काम संपलं. मुकादमानं ट्रक आणला, माणसांना परत डोंगरात सोडायला. मुलीची आई आदल्या दिवशी शाळेत आली आणि पाय माझ्या टेबलावर ठेवला. सरळ, नीट पुसून, पट्टे गुंडाळून. शाळेची वस्तू आहे हे तिलाही एव्हाना कळलं होतं. मुलगी तिच्या पाठीवर होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मी गुरुजींकडे गेले. ते आधीच मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला लिहीत बसले होते. नाव, जात, वर्तन चांगलं. शेवटच्या रकान्यात, जिथं शेरा लिहितात, तिथं त्यांनी लिहिलं: 'सोबत कॅलिपर नग एक, पुढील शाळेकडे वर्ग.' सही केली, शिक्का मारला. शिक्का जुन्या जिल्ह्याचाच होता, नवा अजून बनून आला नव्हता. मग शिक्क्यावर फुंकर मारत म्हणाले, "विचारलं तर सांगू, पोरीबरोबर बदली झाली."

त्यांनी स्वतः पट्टे बांधले. खिट्टी पुढच्या भोकात घालायला मुलीनंच त्यांना शिकवलं. ती एव्हाना तीन भोकं खाली गेली होती.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. दुष्काळ संपला आणि पुन्हा पडला. मध्ये कधीतरी, चार-पाच वर्षांनी असेल, मी नांदेडच्या बसस्टँडवर उमरीच्या गाडीची वाट बघत उभी होते. कुणीतरी मागून दंड धरला. मी वळले. तीच बाई. केस थोडे पिकलेले, हातात बांबूच्या टोपल्या. मराठी आता बरं बोलत होती.

मी मुलीचं विचारलं.

"आश्रमशाळेत घातली, बाई. इस्लापूरकडं. तिथंच ऱ्हाते, तिथंच जेवते." आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं टोपल्या खाली ठेवल्या, दोन्ही हातांनी माझा हात धरला. "पळाली, बाई!"

"काय? कोण?"

"पोरगी! आश्रमशाळेतून पळून आली. डाळीत पाणी लई म्हने. सकाळी निंघाली, मास्तर मागं धावला, दोन शिपाई धावले. कोणाला गावली न्हाई. नाल्यातून, रानातून. दुपारच्याला घरी. एकटी! बापानं मारली तिला."

"मग?"

"मंग मी बापाला मारलं," ती म्हणाली. "अरे, पळून आली ना! पोरगी पळून आली आन तू मारतोस?"

ती मोठमोठ्यानं हसत होती. रांगेतली माणसं बघायला लागली. मी तिच्या टोपल्या उचलून बाकावर ठेवल्या. मुलीला परत आश्रमशाळेत सोडलं का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, हाव, सोडलं, डाळीचं मास्तरला सांगून आले, आता डाळ बरी हाय. तेवढ्यात माझी गाडी लागली. मी चढले, खिडकीत बसले. ड्रायव्हर गाडी मागं घेत होता तेव्हा ती शेजारी उभ्या असलेल्या, अगदी अनोळखी, पागोटं बांधलेल्या एका म्हाताऱ्याचा खांदा हलवून पोरगी पळाल्याचं सांगत होती, आणि तो काही न कळून मान डोलावत होता.